दुकान वाढवायचं आहे

सिराजभाई मणियार यांचा कशावरही विश्वास नव्हता, आणि हे ते दिवसातून चार जणांना तरी ऐकवत. शनिवार पेठेत त्यांचं बांगड्यांचं दुकान. दुकान कसलं, दोन इमारतींच्या मध्ये राहून गेलेली फट. त्या फटीत बसून चाळीस वर्षं त्यांनी बायकांचे हात हातात घेतले आणि बायकांच्या भीती कानात. कुणी मंगळवारी बांगडी भरत नाही, कुणी शनिवारी. पंजाबी नवरीला स्वतःचा चुडा आधी दिसता कामा नये, म्हणून डबा गुपचूप तिच्या मामाच्या हातात द्यायचा. बंगाली सुनेच्या शंखाच्या बांगडीला तडा गेला तर ती आधी नवऱ्याला फोन लावते, तो धडधाकट आहे याची खात्री करते, आणि मग दुकानदाराला झापते. मोहरम आला की त्यांच्याच नात्यातल्या बायका नवी बांगडी घेत नाहीत. सिराजभाई सगळ्यांचं ऐकून घेत, मान डोलावत, आणि गिऱ्हाईक पायरी उतरलं की शेजारच्या वह्या-पेनांच्या दुकानातल्या हिंमतरावांना म्हणत, "काय एकेक लोक असतात हो!"

आता हे म्हणणारा माणूस स्वतः कसा होता? बोहनीचं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून पडेल त्या भावात माल देणारा. "हा व्यवहार आहे, याला अंधश्रद्धा म्हणत नाहीत," असं वर सांगणारा. मांजर आडवं गेलं की ते थांबत आणि खाली वाकून चपलेची नाडी बांधल्यासारखं करत, तेवढ्यात कुणी दुसरा रस्ता ओलांडून जाई. त्यांच्या चपलेला नाडी नव्हती. दुकानाला लिंबू-मिरची त्यांनी तत्त्व म्हणून कधी टांगली नाही. फक्त हिंमतरावांना सांगून त्यांची लिंबू-मिरची चार बोटं आपल्या बाजूला सरकवून घेतली. "तुमच्या दारात उजेड अडतो," असं कारण दिलं. हिंमतराव पुण्याचे. ते म्हणाले, "सरकवतो. पण मग दर शनिवारी एक लिंबू तुमचं." तेव्हापासून ते लिंबू सिराजभाईंचं होतं. या सगळ्याची त्यांना लाज वाटायची का? वाटायची तर. रात्री कधी आठवलं की स्वतःशीच हसायचे आणि सकाळी पुन्हा चपलेची नाडी बांधायचे.

मुलगा आफताब हिंजवडीला सॉफ्टवेअरच्या कंपनीत. त्याने एकदा घरी सांगितलं, आमच्या इमारतीत लिफ्ट बाराव्या मजल्यावरून थेट चौदाव्याला जाते, तेरावा ठेवलाच नाही. शिवाय आमचं जपानी गिऱ्हाईक चारच्या आकड्याला घाबरतं, चार वस्तूंची भेट त्यांना देत नाहीत. सिराजभाईंना हसता हसता ठसका लागला. "एवढी शिकलेली माणसं, आणि आकड्याला भितात!"

आतून आबेदा, म्हणजे त्यांची बायको, ओरडली, "परवापासून तेरा तेजी लागते. सफर महिन्याचे पहिले तेरा दिवस जड असतात. नवा माल आणू नका."

"लक्षात आहे माझ्या," सिराजभाई त्याच ठसक्यात म्हणाले. आफताबने बापाकडे पाहिलं. सिराजभाईंनी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

पण मांजरं, लिंबं आणि तेरा तेजी ही किरकोळ दुखणी. त्यांचं मोठं दुखणं एक शब्द होता. बांगड्यांच्या धंद्यात बांगडी फुटत नाही, ती वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. तसंच दुकानही कधी बंद होत नाही, वाढवलं जातं. दुकानदाराने 'बंद' म्हटलं की लक्ष्मी ऐकते आणि कायमची निघून जाते म्हणे. सिराजभाईंची लक्ष्मी नव्हे, बरकत. पण कान तिलाही असणारच. त्यांच्या वडिलांनी हा शब्द दुकानाच्या बाबतीत कधी उच्चारला नाही, आणि सिराजभाईंनी तर कुलूप लावताना मनातही आणला नाही.

आणि नेमकी आता तोच शब्द उच्चारायची वेळ आली होती. सहा महिन्यांपासून त्यांचा उजवा अंगठा थरथरत होता. बांगडी भरणाऱ्याचं सगळं भांडवल म्हणजे हा अंगठा. हाताची गादी दाबायची, हाड वळवायचं, आणि बाई दुसरीकडे बघत असताना सव्वादोन मापाची बांगडी मनगटावर उतरवायची, ते सगळं तो करतो. आता तो मध्येच दगा द्यायचा. कुणाच्या मनगटाला काच लागली की सिराजभाईंना तीन-तीन दिवस अन्न गोड लागायचं नाही. डॉक्टर म्हणाले, नसांचं आहे, वयाचं आहे, बारीक काम कमी करा. सिराजभाईंनी डॉक्टरांचं ऐकलं नाही, बाकी सगळ्यांचं ऐकलं. "माझ्या एका ओळखीच्या माणसाला त्रास आहे," असं म्हणून त्यांनी गिऱ्हाइकांकडून उपाय गोळा केले. गणपतीचा अंगारा लावला, दर्ग्याचं पाणी लावलं, एका मारवाडी काकूंनी सांगितलेला काळा दोरा बांधला, एका केरळी नर्सबाईंनी दिलेलं तेल चोळलं. सर्वधर्मसमभाव त्या अंगठ्याइतका पुण्यात दुसरीकडे कुठे नांदत नव्हता. अंगठा थरथरतच राहिला.

शेवटी त्यांनी ठरवलं की ईदचा माल संपला की पुरे. आता घरी सांगायला हवं. एका रविवारी जेवताना त्यांनी घसा खाकरला. घरात सगळे दखनी बोलत, पण दुकानाचा विषय निघाला की आपोआप मराठी यायची, दुकानाची भाषाच ती.

"आफताब," ते म्हणाले, "आता दुकान वाढवायचं म्हणतो."

रात्री शटर ओढण्याला वाढवणं म्हणतात हे आफताबला लहानपणापासून ठाऊक होतं. पण रविवारी दुपारी, घसा खाकरून, विचारपूर्वक कुणी शटर ओढत नाही. त्याने सरळ अर्थ घेतला. त्याचा चेहरा असा उजळला की सिराजभाईंचं पुढचं वाक्य घशातच राहिलं.

"अब्बा! मी किती वर्षं हेच म्हणतोय! पेज काढू आपण, ऑनलाइन ऑर्डर घेऊ. हिंमतकाकांची मागची खोली भाड्याने मिळते का बघू."

आबेदाने नवऱ्याकडे एकदा निरखून पाहिलं आणि भात वाढला. एका क्रियापदाने त्या घरात एवढा घोळ कधी घातला नव्हता.

पुढच्या पंधरा दिवसांत आफताबने दुकानाचे फोटो काढले, मापं घेतली, नव्या पाटीसाठी तीन नमुने करून आणले. सिराजभाई प्रत्येक नमुन्याला "छान आहे" म्हणत आणि स्वतःला मनातल्या मनात शिव्या घालत. गैरसमज दूर करायला एक शब्द पुरे होता. सगळ्या पेठेच्या भीतींना हसलेला हा शूर गडी त्या एका शब्दापुढे शेपूट घालून बसला होता.

मग एका संध्याकाळी आफताब म्हणाला, "कंपनी मला दोन वर्षांसाठी जपानला पाठवतेय. सोमवारपर्यंत कळवायचंय. मी 'नाही' म्हणून कळवणार आहे."

"का रे?"

"तुम्ही या वयात दुकान वाढवताय, आणि मी पळून जाऊ?"

या पोराने शाळेत असल्यापासून विमानांची चित्रं वह्यांवर चिकटवली होती. आता बोलायलाच हवं होतं. त्यांनी तोंड उघडलं. "आफताब, मला दुकान बं..." आणि जीभ टाळूला चिकटली. "बं... बंगाली शंखाचा माल मागवायचाय."

"लिहून घेतो," आफताब म्हणाला आणि त्याने खरंच मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

त्या रविवारी सकाळी दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक शालनताई यांच्या नातीचा चुडा होता. लग्नाचे चुडे सिराजभाई सहा महिने काही ना काही सबबी सांगून टाळत होते. पण शालनताईंचा चुडा सिराजभाईंच्या वडिलांनी भरला होता, ताईंच्या लेकीचा त्यांनी स्वतः. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायचं तर पुन्हा तोच शब्द. ते गेले. ताईंच्या फ्लॅटमध्ये दहा-बारा बायका जमल्या होत्या, नवरी अपेक्षा पाटावर बसली होती. उजव्या हातात दहा, डाव्या हातात अकरा हिरव्या बांगड्या भरायच्या. सिराजभाईंनी अल्लाचं नाव घेतलं, भिंतीवरच्या गणपतीकडेही एकदा बघून घेतलं, आणि सुरुवात केली.

सहा बांगड्या नीट गेल्या. सातव्या बांगडीला अंगठा हलला. काच कटकन वाजली आणि नवरीच्या मनगटावर रक्ताचा एक थेंब उभा राहिला.

मग एक काकू हळूच म्हणाल्या, "वाढली."

"वाढलीच," शालनताई घाईने म्हणाल्या. "वाढलेली चांगली असते हो, सिराजभाई. तुम्ही भरा पुढची."

सगळ्या बायका माना डोलावत "वाढली, वाढली" म्हणू लागल्या. सिराजभाईंना त्या क्षणी जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. अपेक्षाने मनगट चोखलं आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"चाचा, फुटली ती. वाढली काय? तुमचा अंगठा केवढा थरथरतोय. कधीपासून होतंय हे?"

सहा महिन्यांत डॉक्टर सोडले तर हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. बांगडी फुटली की जो तो "वाढली" म्हणून मोकळा व्हायचा. फुटली का, हे विचारायची सोयच त्या शब्दाने ठेवली नव्हती. आणि यात सगळ्यात पुढे ते स्वतः होते.

"सहा महिने झाले, बाळ," ते म्हणाले. एवढं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला हात मोकळे नव्हते.

"मग तुम्ही नुसता माझा हात धरून बसा. बांगड्या मी चढवते." एक काकू पुटपुटल्या, नवरीने स्वतः चुडा भरलेला कुठे ऐकलाय का. अपेक्षा म्हणाली, "आज ऐका, काकू." उरलेल्या बांगड्या तिने स्वतः चढवल्या, दोन-तीनदा "आई गं" करत. सिराजभाई तिचा हात धरून बसले, आणि गादी कुठे दाबायची तेवढं सांगत राहिले.

घरी आले तेव्हा ताटं मांडलेली होती. आफताब मोबाइलवर पाटीचा रंग दाखवायला पुढे सरसावला. सिराजभाई चप्पल न काढता दारातच उभे राहिले, कारण चप्पल काढेपर्यंत धीर सुटेल याची त्यांना खात्री होती.

"आफताब, दुकान बंद करायचंय."

आबेदाच्या हातातला डाव पातेल्यात पडला. छत कोसळलं नाही. रस्त्यावरच्या गाड्याही थांबल्या नाहीत. सिराजभाईंना थोडं आश्चर्यच वाटलं. एवढा वेळ ज्याला घाबरलो तो शब्द असा साध्या शब्दासारखा निघून गेला याचं.

"बंद म्हणजे?" आफताबने विचारलं. "मग त्या दिवशी वाढवायचं म्हणालात ते..."

"तेच म्हणत होतो. माझ्या भित्र्या तोंडातून नीट निघालं नाही." त्यांनी हात पुढे केला. "हा बघ अंगठा. आज शालनताईंच्या नातीच्या हाताला काच लागली. माझं काम संपलं, बेटा. उद्या कंपनीला हो सांग. माझ्यासाठी इथे थांबशील तर मला ते आयुष्यभर खात राहील."

आफताबने त्यांचा हात हातात घेतला. अंगठा त्याच्या तळहातावर थरथरत होता. मोबाइलवर पाटीचा रंग अजून दिसत होता.

"कायमचं?"

"कायमचं बंद," सिराजभाई म्हणाले. दुसऱ्यांदा तर शब्द फारच सोपा गेला. त्यांना थोडा अभिमानही वाटला. "ईदपर्यंत माल काढतो, हिंमतरावांना सांगतो, आणि मग बंद करून टाकतो. बंद म्हणजे बंद. यात भ्यायचं काय आहे? मी म्हणतो, उगाच लोक..."

"अब्बा." आफताबने तोंड फिरवलं होतं. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "उद्या हो सांगतो मी. पण असं नका ना म्हणू. वाढवायचं म्हणा."

सिराजभाईंनी मुलाकडे पाहिलं, आणि त्यांना हसू आलं नाही.

"बरं," ते म्हणाले. "वाढवायचं."