साहेबांच्या केबिनमागचा हीटर

माझ्या धाकट्या जावेचं आणि माझं कधी पटलंच नाही. घर एक, चुली दोन, मोरी एकच. त्यामुळं भांडणाला रोज नवं कारण शोधावं लागत नसे. तरी सासूबाईंनी "तुझ्या कारखान्यात चिकटव की तिला" म्हणून माझ्या मागं भुणभुण लावली आणि मी तिला शिरोलीच्या एमआयडीसीत नेऊन चिकटवलं. उभा दावा मी माझ्या हातानं कारखान्यात नेला.

विहिरीवरच्या मोटारींना जे स्टार्टर लागतात, त्यांचे बोर्ड आम्ही बनवायचो. सोल्डरच्या मशीनवर पहिली जागा माझी. पार्ट खोचलेला बोर्ड मी पट्ट्यावर चढवायचे. पुढं त्याला खालून फ्लक्सचा फवारा बसायचा. सोल्डरचा टाका नीट धरावा म्हणून मारायचं ते पातळ, स्पिरिटच्या वासाचं औषध; किती मारायचं ते माझ्या हातात. मग बोर्ड हीटरवरून जायचा. तिथं फ्लक्स वाळायचा, बोर्ड तापायचा आणि मगच वितळलेल्या सोल्डरच्या लाटेला त्याचं पोट टेकायचं. ओलाच बोर्ड लाटेवर गेला, तर तापल्या तेलात ओली मिरची पडल्यासारखं उडतं. हे तिथं सगळ्यांना माहीत होतं, मॅनेजरसाहेबांनाही. लाटेवरची काच कधीची फुटलेली आणि पलीकडं बोर्ड उतरवून घ्यायला माझी जाऊ उभी.

साहेबांची केबिन हीटरच्या बरोबर मागं होती. मध्ये नुसता पत्रा. एप्रिल लागला तसे साहेब कूलर लावूनही घामाघूम व्हायला लागले. एका दुपारी बाहेर आले आणि स्वतःच्या हातानं हीटर कमी करून गेले. मी परत वाढवला. ते परत आले. शेवटी त्यांनी बटणावर चिकटपट्टी मारली.

"साहेब, बोर्ड वला जातोय," मी म्हटलं.

"मग फ्लक्स कमी मारा."

फ्लक्स कमी मारला की टाके धरत नाहीत, हेही त्यांना माहीत होतं. आपल्याला वारं लागावं म्हणून दुसऱ्याच्या डोळ्यांशी खेळणाऱ्या या माणसाला रोज "गुड मॉर्निंग, साहेब" म्हणताना माझी जीभ कडू व्हायची.

सोल्डर उडायला लागलं. जावेच्या हातावर डाग पडले. तिनं ते घरी सासूबाईंपुढं धरले.

"अक्का मुद्दाम फ्लक्स लई मारत्यात. घरात जमंना, म्हणून तिथं डाव साधत्यात."

मी हीटरचं सांगितलं. चिकटपट्टीचं सांगितलं. "ही समोरच हुती की, इचारा हिला," म्हटलं.

"मला पलीकडनं काय दिसतंय?" जाऊ म्हणाली.

"शिकल्याला माणूस असं कशाला करंल?" असं सासूबाई म्हणाल्या आणि नवऱ्यानं ताटातून मान वर केली नाही. या घरात माझं आयुष्य गेलं, आणि मी कुणाचे डोळे घालवीन असं माझ्याच माणसांना वाटत होतं. साहेबांपेक्षा हे जास्त लागलं.

मग एक दिवस सोल्डरचा थेंब तिच्या डोळ्याखाली बसला. तिची किंकाळी ऐकून पाणी घेऊन पहिली मी धावले. तिनं माझा हात झिडकारला. डोळा थोडक्यात वाचला, असं डॉक्टर म्हणाले. पट्टी लावून ती परत येईपर्यंत कारखान्याचे मालक आले होते. त्यांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. तोवर बटणावरची चिकटपट्टी गायब झाली होती.

मी सगळं सांगितलं. साहेब शांतपणे म्हणाले, "फ्लक्सचं काम यांच्याकडं असतं."

मालकांनी जावेला विचारलं, "तू सांग."

ती फरशीकडं बघत म्हणाली, "अक्का फ्लक्स लई मारत्यात."

चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. मला पलीकडं धाडलं, माझ्या जागेवर तिला बसवलं.

दुसऱ्या दिवशी ओरखडे पडलेला गॉगल चढवून मी लाटेपाशी उभी राहिले. पहिला बोर्ड चढवण्याआधी जावेनं न बघताच हात लांब केला आणि हीटर पूर्वी असायचा त्या खुणेवर नेऊन ठेवला. बोर्ड वाळून आला. लाट मुकाट लागली. एक थेंब उडाला नाही.

दुपारी साहेब मान पुसत बाहेर आले आणि बटणाकडं वळले. जावेनं त्यावर आपला पंजा ठेवला आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल असं ओरडली, "उकडत असंल तर भाईर बसा की, सायेब! हितं माणसं हुबी हायती." बायका खदखदून हसल्या. साहेब आले तसे आत गेले.

संध्याकाळी घरात हीच कथा रंगली. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "वाघीण हाय गं बाई," म्हणाल्या. म्हणजे हीटर साहेबच कमी करत होते, हे आता सगळ्यांना पटलं होतं. मग माझ्यावरचा आळ? तो काढून घ्यावा असं कुणाच्या मनातही आलं नाही.

"खोटं वाटत असंल तर अक्कास्नी इचारा," जाऊ म्हणाली. "त्याबी तिथंच हुत्या की."

"व्हय, हुते," मी म्हटलं. "आणि काल मालकापुढं तू हुतीस."

"झालं की आता ते," सासूबाई पुटपुटल्या.

माझं अजून झालेलं नाही.