दोनदा मरायचा राहिलेला जादूगार

बाबांनी तो सिनेमा मी लहान असताना चांद्याला एकदाच पाहिला होता. राजपुत्र, किल्ला, उडता घोडा आणि राजकन्येला पळवणारा जादूगार. गावात येऊन त्यांनी त्याची दंडार बसवली आणि जादूगाराचं काम स्वतःकडे ठेवलं. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. आजूबाजूच्या गावांचे पाहुणे येतात, आणि त्यांच्यासाठी केलेलं हे दंडारीचं नाटक उजाडेपर्यंत चालवावंच लागतं. अंधारात जंगलातून बैलबंड्या हाकत कोण परत जाणार? म्हणून बाबांचा जादूगार एका रात्रीत तीनदा मरायचा. "सिनेमात असंच आहे," असं ते सांगत. गावानंही ते धरून ठेवलं होतं.

मी बी.ए. झालो त्या साली तोच सिनेमा चांद्याला पुन्हा लागला. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला, हे मी कुणापासून लपवत नाही. दंडारीची सगळी मंडळी बंड्या जुंपून निघाली, मीही गेलो. पडद्यावरचा जादूगार मध्यंतराच्या आधीच बुरजावरून पडला आणि मेला. पुढे सगळा राजपुत्राचा कारभार.

आमच्या दंडारीत राजपुत्र व्हायचा तो गावचा शिंपी. बाहेर येताच तो बाबांना म्हणाला, "काऊन भाऊ, तुमचा जादूगार तं उठलाच नाई! चहा प्याले गेला का?" मंडळी हसली. मग तो माझ्याकडे वळला. "तू शिकेल मानूस. सांग, खरं कोनतं?"

"सिनेमात दिसलं तेच," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

परतीच्या वाटेवर बाबा एवढंच बोलले, "याच्यासाठीच शिकोलं काय तुले?"

मंडळींनी ठरवलं, यंदा सिनेमासारखीच दंडार करायची. बाबांनी वाद घातला नाही. मंडईच्या रात्री पाहुणे जेवून बसले न बसले तोच शिंप्याची तलवार लागली आणि जादूगार पडला. पडला तो तिथेच पडून राहिला. राजपुत्रानं होती तेवढी गाणी म्हटली, लग्न केलं, घोड्यावर बसला. संपलं.

"झाली का?" पाहुण्यांतून आवाज आला. "आता रातभर काय पाह्यचं?"

शिंपी बाबांजवळ वाकला. "उठा ना भाऊ."

बाबांनी डोळे उघडले नाहीत. "मी मेलो आहो. सिनेमात उठत नाई."

"आग लागो त्या सिनेमाले! लोकं उठून राह्यले, भाऊ!"

"माह्या पोराले विचार. तो शिकेल आहे."

मी ढोलकीवाल्याजवळ बसलो होतो. शिंप्यानं माझ्याकडे पाहिलं, मग सगळ्या मंडईनंच पाहिलं.

"उठा बाबा," मी म्हणालो, "अजून दोनदा मराचं आहे तुमाले."

बाबा उठले. शेवटचे मेले तेव्हा उजाडून बैलांपुढे तणस टाकायची वेळ झाली होती. आणि पडले ते हुबेहूब पडद्यावरच्यासारखे, पाठीवर, दोन्ही हात पसरून. त्या सिनेमातलं तेवढं त्यांनी घेतलं होतं.