पडद्यावरचे शून्य

अनगोळजवळच्या आमच्या कारखान्यात विजेच्या खांबांवर बसणाऱ्या इन्सुलेटरची तपासणी होते. जाळीच्या पिंजऱ्यात इन्सुलेटर ठेवायचा, त्यावर तीस हजार व्होल्टचा दाब सोडायचा, तो उतरवायचा आणि मग आत जाऊन इन्सुलेटर काढायचा. हा दाब वरच्या मजल्यावर एसीत बसून, नेटवर्कवरून आज्ञा धाडून चढवता-उतरवता यावा, अशी व्यवस्था मी लिहिली. तिचा मला फार अभिमान होता.

तिच्यात दोन आकडे होते: मी मागितलेला आणि यंत्राने मोजून परत कळवलेला. मोजलेला आकडा खरा असल्यामुळे सतत थरथरे. उद्घाटनाला पाहुणे येणार होते. मालक म्हणाले, "ह्यो आकडा हलतोय कशाला? बघणाऱ्याला वाटंल, आपलंच कायतरी ढिलं हाय." तेव्हापासून मी पडद्यावर मागितलेलाच आकडा दाखवू लागलो. तो जागचा हलेना. नारळ फुटला, टाळ्या पडल्या. आपण फर्मावले तेच घडले, असे मानायला पन्नाशीतला सुशिक्षित माणूस किती चटकन तयार होतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

पिंजऱ्यात जाणारे आप्पा निपाणीकडचे. आत पाऊल टाकण्यापूर्वी ते जमिनीशी तारेने जोडलेली लांब काठी इन्सुलेटरला टेकवत. दाब उरलाच असेल तर तो जमिनीत जावा म्हणून.

"आप्पा, कॉम्प्युटरवर विश्वास नाही का?" मी एकदा चारचौघांत विचारले.

"हाय की साहेब. पर त्यो वर एसीत ऱ्हातोय, आत मी जातोय."

सगळे हसले. ते मला हसत होते, हे मला उशिरा कळले.

एका दुपारी मी दाब उतरवण्याची आज्ञा दिली. नेटवर्कची तार माझ्याच खोलीत निसटली होती. आज्ञा यंत्रापर्यंत पोहोचलीच नाही. पडद्यावर मात्र शून्य उमटले. मी फोनवर म्हणालो, "शून्य झालंय आप्पा. जा आत."

काठी टेकताच फाडकन आवाज झाला आणि यंत्र आपोआप बंद पडले. काठी तशीच टेकवून ठेवत आप्पांनी फोन कानाला लावला. मग म्हणाले, "साहेब, तुमच्या शून्याला लई जोर हाय."

अहवालात मी 'नेटवर्कमधील बिघाड' असे लिहिले आणि साक्षीदार म्हणून सही घ्यायला त्यांच्याकडे गेलो.

"काय लिवलंय?"

"तार सुटली होती, असं."

"तार गप्पच हुती की. शून्य तुमी म्हणालासा."

तो कागद मी फाडला. नव्या कागदावर लिहिले की पडद्यावरचा आकडा मोजलेला नव्हता. मालकांच्या सांगण्यावरून तो मी दाखवत होतो. वाचून पाहिले, तर वाक्यात मालक माझ्याआधी आले होते. 'मालकांच्या सांगण्यावरून' एवढे शब्द खोडले. आप्पांनी सही केली. मात्र त्याआधी कागद दोनदा वाचला.