तोफबाईंचा शिक्का

भाषांतराच्या ऑफिसात त्यांना तोफबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. सव्वीस वर्षं त्या जर्मन सोनोग्राफीचे रिपोर्ट इंग्रजीत आणत होत्या. कुणी "जवळपास बरोबर आहे" म्हटलं, की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. आजार काय जवळपास होतो का, असं त्या विचारत.

महिन्याच्या रजेवरून आल्या त्या सकाळी फाईल चाळताना एक रिपोर्ट दिसला. त्यांनी केलेला नव्हता, खाली भाषांतर अचूक असल्याचा शिक्का मात्र त्यांचाच. जर्मनीत तपासून आलेली चाळिशीतली बाई, स्तनात गाठ. जर्मन कागद म्हणत होता, गाठीतून आवाज कमी परततो; म्हणजे आत भरीव काहीतरी, लगेच तपासा. इंग्रजीत उतरलं होतं, आवाज परततच नाही. म्हणजे नुसतं पाणी, घोर नको.

दार न वाजवता त्या मालकाच्या केबिनमध्ये शिरल्या.

"हे कुणी केलं?"

"कॉम्प्युटरनं. तुम्ही नव्हता, गिऱ्हाईक घाईत होतं. एका शब्दाचा तर फरक आहे, बाई."

"आणि शिक्का?"

"तुम्हीच नाही का माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून जात?"

ने-आण करायचा कंटाळा, म्हणून पाच वर्षांपूर्वी त्यांनीच तो तिथे ठेवला होता. जगाला धारेवर धरणाऱ्या बाईंनी चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या होत्या. मालकाचा संताप आलाच होता, आता त्याहून जास्त स्वतःचा आला. शिक्का उचलून त्या बाहेर आल्या आणि रिपोर्टवरचा पेशंटचा नंबर फिरवला.

भाषांतराच्या ऑफिसातून बोलतेय म्हटल्यावर पलीकडची बाई खुललीच.

"अहो, तुमचे आभार कसे मानू? डॉक्टर म्हणाले, पाणीच आहे, वर्षभरानं या. तीन आठवडे झाले, निवांत झोपतेय."

"ताई, जरा बसून घ्या," तोफबाई म्हणाल्या. "तो कागद चुकलाय. शिक्का माझा आहे. गाठ पुन्हा तपासायला हवी. आत्ताच डॉक्टरांकडे निघा, बरोबर कागद घेऊन मी तिथे येते."

"म्हणजे... तीन आठवड्यांनी काही फरक पडतो का हो?"

मालकाला आणि त्याच्या कॉम्प्युटरला घालायच्या सगळ्या शिव्या त्यांच्या जिभेवर होत्या. या बाईला त्यातली एकही उपयोगाची नव्हती.

"माहीत नाही," तोफबाई म्हणाल्या.