घोड्याच्या घरातलं प्यादं

माझे सासरे म्हणजे जामखेडच्या पारावरचे बुद्धिबळातले अजिंक्य गडी. जावई म्हणून ते माझ्या पानात वाटीभर तूप वाढायला लावत. खेळाडू म्हणून काडीची किंमत देत नसत. "नगरच्या स्पर्धेत एक डाव जिंकून दावा जावईबापू, मंग तुमाला खेळाडू म्हनू," असं त्यांनी चारचौघांत सुनावलं आणि एकाहत्तरच्या उन्हाळ्यात मी इरेला पेटून नाव नोंदवलं. सासरे सोबत आलेच. एस.टी.तून उतरल्या उतरल्या त्यांना भजी हवी झाली. म्हणून पंच आत नियम वाचत होते तेव्हा आम्ही बाहेर मिरच्या चावत होतो.

समोर काळे मोहरे घेऊन बँकेतला एक कारकून. दर खेळीला चष्मा पुसायचा, जीव नकोसा करायचा. तरी डाव माझ्याकडे झुकलेला. त्याचं एक प्यादं माझ्या घोड्याच्या घरासमोर येऊन ठेपलं. राजानं ते सहज मारता आलं असतं. पण पलीकडे त्याचा हत्ती मोकळा! आमच्या पारावर प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल, तो मोहरा बनतं. घोड्याच्या घरात घोडा. होऊ दे बापडा, म्हणत मी वजिरानं हत्ती उचलला. मागून सासऱ्यांचं "भले!" आलं. लग्नानंतरचं पहिलंच.

कारकुनानं प्यादं सरकवलं, चष्मा पुसला आणि तिथे वजीर ठेवला. मात.

"अवो, घर घोड्याचं हाय!" सासरे कडाडले. "वजीर कुटनं आनला?"

"काका, प्याद्याचं काय करायचं ते इथे खेळणारा ठरवतो. सकाळीच सांगितलंय," पंच म्हणाले.

"सकाळी आमी भजी खात हुतो!"

सगळा हॉल हसला. मी पटाकडे बघत बसलो, जणू वजीर लाजून परत जाईल.

परतीच्या एस.टी.त सासरे गप्प बसतील तर शपथ! "आमच्या हिशेबानं जावईच जिंकलाय," हे त्यांनी कंडक्टरलासुद्धा ऐकवलं. घरी पाय धुवायच्या आधी पट मांडून तोच डाव लावला.

"मी काळा. ह्यो घोडा, वजीर न्हाई. आता हाना."

घोडा बसताक्षणी माझ्या राजाला शह लागला, आणि त्याच घोड्याच्या टप्प्यात माझा वजीरही होता. राजा हलवला, वजीर गेला. पुढचं सांगण्यासारखं नाही.

सासऱ्यांनी शांतपणे मोहरे पिशवीत भरले.

"उगंच त्या कारकुनाला बोललो," म्हणाले, आणि आत हाक मारली, "अगं, ताटं वाढ. जावयाला तूप जरा बेतानं."