पांढरीतला बैल

देवघरात नंदी म्हणून कुणी काहीही ठेवावं, माझी हरकत नाही. पण पोरांच्या हातातलं खेळणं उचलून नेऊन त्याचा नंदी केला, तर हरकत आहे. ती मी त्या वेळी तोंडावर घेतली होती आणि इतक्या वर्षांनंतरही मागे घ्यायचा माझा विचार नाही.

बाहत्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली होती. अंबड तालुक्यात, कुंभार पिंपळगावच्या अलीकडच्या एका खेड्यात मी प्राथमिक शाळेवर नवी नवी रुजू झाले होते. औरंगाबादला इतिहास घेऊन बी.ए. झालेली, आमच्या बौद्ध वस्तीतली पहिली पदवीधर मुलगी, त्यामुळे अंगात थोडा तोरा होताच. कॉलेजात आमचे इतिहासाचे सर एकदा आम्हाला पैठणच्या बाजूला घेऊन गेले होते. तिथं त्यांनी प्रत्येकाच्या हातात एकेक खापर ठेवलं आणि म्हणाले, सनावळ्या विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. माझ्या खापरावर कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा उमटलेला होता. मी त्यावर माझा अंगठा ठेवून पाहिला, तो बराबर बसला, आणि मी कामातून गेले.

त्या खेड्याच्या उगवतीला पांढर होती. पांढर म्हणजे कधीकाळी उठून गेलेल्या गावाचं टेकाड. तिथली माती राखेसारखी मऊ, शेताला खतासारखी चालायची. उन्हाळ्यात लोक गाड्या भरभरून ती माती शेतात नेऊन टाकत, आणि तिच्याबरोबर खापरं, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, जात्याचे तुकडे, सगळं औताखाली जायचं. तिथं कोण राहत होतं, का उठून गेलं, याची कुणाला फिकीर नव्हती. शाळेतल्या पोरी ठिकरीचा डाव मांडायच्या तो दोन हजार वर्षांपूर्वीच्या खापराच्या ठिकरीनं. मला आधी हसू आलं आणि मग राग आला, आणि त्या रागातूनच मी चौथीच्या वर्गाला घेऊन टेकाडावर गेले.

पोरांना मी काही मोठं व्याख्यान दिलं नाही. एकेक खापर हातात दिलं आणि म्हटलं, हे कशाचं असेल ते तुमच्या घरातल्या भांड्यांवरून ओळखा. पोरं घरी जाऊन आयांच्या चुलीपाशी बसली, माठांचे काठ चाचपले, आणि दुसऱ्या दिवशी ओरडतच आली. हा रांजणाचा काठ, बाई. हे तव्याचं. ही झाकणी. एक शेतकऱ्याचा पोरगा म्हणाला, "बाई, मंग ह्यांची माय बी आमच्या मायसारखीच भाकरी थापत व्हती?" मी म्हटलं, थापतच असणार. ते पोरगं दिवसभर कुणालातरी हेच सांगत फिरत होतं. इतिहास शिकवल्याचं समाधान मला त्यानंतर फारसं कधी मिळालं नाही.

मग रिकामी खडूची खोकी आली, त्यात वाळू घालून पोरांनी आपापल्या वस्तू मांडल्या. मी एकच नियम घातला. टेकाडावर जे सापडेल ते वर्गाचं. घरी ठेवायचं नाही, विकायचं नाही आणि कुणालाही देऊन टाकायचं नाही, मग मागणारा कितीही मोठा असो. नियम पाळणं सोपं नव्हतं. पांढरीतले मणी नजर लागू नये म्हणून तान्ह्या पोरांच्या गळ्यात बांधायची तिकडे पद्धत होती. आयांची समजूत घालून पोरांनी ते मणीसुद्धा आणून दिले. माझ्या शब्दावर आणून दिले, हे लक्षात ठेवायला हवं.

बैल सापडला तो बौद्धवाड्यातल्या एका पोरीला. तिची आई पांढरीची माती गाडीत भरायच्या रोजावर होती आणि सुट्टीच्या दिवशी ही तिच्यासोबत जायची. मुठीत मावेल एवढा भाजक्या मातीचा बैल, एक शिंग मोडलेलं, वशिंड ऐटदार. पायांच्या जागी आरपार भोकं होती. त्यात काड्या घालून चाकं बसवत असणार आणि दोरी बांधून कुणीतरी लेकरू तो अंगणात ओढत असणार. पोरीनं तो दोन-चार दिवस घरीच ठेवला. भावाबरोबर खेळली, उशाशी घेऊन झोपली. मग आईनंच तिला बजावलं, बाईनं सांगितलंय ना, नेऊन दे. तिनं तो माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "रोज म्या पुसनार. दुसऱ्या कुनाला पुसाय द्यायचं न्हाई."

त्या शाळेत पाण्याच्या माठाला कुणी हात लावायचा आणि कुणी नाही, हे पोरांना न सांगता ठाऊक होतं. मी रुजू झाले त्याच आठवड्यात त्यावरून हेडमास्तरांशी माझं वाजलं होतं. पण बैल आला आणि सगळा वर्ग रांग लावून त्याला हातात घेऊ लागला. हा त्याच्या हातातून, तो हिच्या हातातून. पाटलाचा नातू त्या पोरीची मनधरणी करत होता, एकदा पुसू दे म्हणून. कुणाच्या हातचा, हा प्रश्न एकाही पोराच्या डोक्यात आला नाही. मी ते बघत उभी राहायची आणि मला फार बरं वाटायचं.

मग तपासणी आली. तालुक्याचे साहेब येणार म्हणून शाळा सारवली, पताका लावल्या, शाल-नारळ आणला, हेडमास्तरांच्या घरी पुरणाचा घाट घातला. साहेबांनी हजेरी पाहिली, पाढे विचारले आणि शेवटी आमच्या खोक्यांपाशी थांबले. खापरांकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. बैल मात्र उचलला. "वा, नंदी! कुठून आणला?"

मी सांगायला तोंड उघडलं, तोच हेडमास्तर म्हणाले, "साहेब, आवडला तर घेऊन जा की! इथं पोरं फोडून टाकतील. तुमच्याकडं बिलकुल जपून राहील."

"सर, तो मुलांचा आहे," मी म्हणाले.

साहेब हसले. "बाई, ही पोरं काय करणार त्याचं?" रुमालात गुंडाळून त्यांनी बैल खिशात टाकला, शाल घेतली, नारळ घेतला आणि जेवायला गेले. जी पोरं त्या बैलाला रांग लावून ओंजळीत जपून घेत होती, ती तो फोडणार होती! आणि दान कोणी केलं? ज्यानं त्या टेकाडावर कधी पाय ठेवला नव्हता, त्यानं.

पोरगी तिथंच उभी होती. रडली नाही. सगळे गेल्यावर म्हणाली, "बाई, तुम्हीच म्हन्ल्या व्हत्या, कुनाला द्यायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी शाळा भरली आणि एक पोरगा टेबलापाशी आला. "बाई, माझे मनी द्या. घरी नेतो." का रे, म्हटलं. "तुम्ही साहेबाला देऊन टाकताल." त्याच्यामागे दुसरा, मग तिसरी. खोकी माझ्या डोळ्यांदेखत रिकामी होत होती. कोणीही तक्रार करत नव्हतं, नुसतं आपलं आपलं उचलत होतं. बैलवाली पोरगी तर शाळेतच आली नव्हती. मी तापानं फणफणले असते तरी मला एवढं वाईट वाटलं नसतं. मी छडी टेबलावर आपटली आणि म्हटलं, सोमवारी बैल इथं दिसेल. नाही दिसला तर या शाळेत मी इतिहास शिकवणार नाही.

हेडमास्तरांना हे कळलं. "बाई, जल्दी करू नका. साहेबाशी वाकडं घेतलं तर पार डोंगरात बदली होईल," म्हणाले. मी म्हटलं, तिकडंही पांढर असेलच.

रविवारी एसटीनं अंबडला गेले. साहेबांच्या पत्नीनं दार उघडलं. हसतमुख बाई. शाळेतल्या बाई आहेत म्हटल्यावर आत बसवलं, पाणी दिलं, नको म्हणत असताना बशीभर पोहे आणि चहा आणला. इतक्या उन्हात आलात, जेवूनच जा म्हणाल्या. साहेब बनियनवर पेपर वाचत बसले होते. मी कशाला आले ते सांगितलं.

"तुमच्याकडं काही कागद आहे का, तो शाळेचा म्हणून?" साहेब म्हणाले. "आणि जुनी वस्तू सापडली तर सरकारला कळवायचं असतं, माहीत आहे ना? तुम्हीच चूक केलीय बाई."

"मग आज कळवू या सर. वस्तू सध्या कुणाच्या घरी आहे, तेही लिहू."

त्यांचा चेहरा उतरला आणि लगेच चढलाही. "नोकरीत नव्या आहात. जपून बोला."

तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नी आल्या. "अहो, देवघरातला नंदी म्हणताय का? त्याची तर मी पूजा घातली. आता बसवलेला देव कसा उठवायचा, बाई?"

मी दारातून आत पाहिलं. पिंडीसमोर आमचा बैल बसला होता. कपाळाला कुंकू, पाठीवर बेलाचं पान. "तो देव नाही हो वहिनी," मी म्हणाले, "खेळणं आहे. त्याच्या पायांना बघा चाकांची भोकं आहेत. एका पोरीला सापडला, ती उशाशी घेऊन झोपायची. बैल गेल्यापासून ती शाळेत आली नाही."

"अगं बाई. कुणाची पोर?"

"आमच्या बौद्धवाड्यातली," मी म्हणाले.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "आमच्या म्हणजे?"

"म्हणजे माझ्याही."

साहेबांना हे नोकरीच्या कागदांवरून ठाऊक होतं. घरात तेवढं बोलले नव्हते. त्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. वहिनी काहीही वावगं बोलल्या नाहीत. आत गेल्या, पेपरच्या तुकड्यावर बैल घेऊन आल्या आणि तो तुकडा माझ्या पुढ्यात जमिनीवर ठेवला. जेवणाचं पुन्हा निघालं नाही. कायदा सांगून काम झालं नव्हतं, पोरांचा हक्क सांगून झालं नव्हतं, एका लेकराचं दुःख सांगून झालं नव्हतं. ते काम एका उत्तरानं झालं. मी अंगणात चपला घालत होते तेव्हा आत देवघरात बादलीभर पाणी ओतल्याचा आवाज आला.

परतीच्या गाडीत मी पदरानं बैलाच्या कपाळावरचं कुंकू पुसत होते आणि ते निघत नव्हतं. त्या बाईनं शिव्या दिल्या असत्या तर मी उलट दिल्या असत्या, माझी जीभ काही कमी नव्हती. पण तिनं मला हवं होतं तेच दिलं होतं. आता भांडायचं कुणाशी आणि कशासाठी? रागानं मला गाडीत रडू आलं. शेजारच्या म्हातारीनं माझ्या घरी कोणी गेलं का, म्हणून विचारलं.

सोमवारी पोरीला घरून बोलावून घेतलं. बैल टेबलावर ठेवला तेव्हा वर्गानं एवढा गिल्ला केला की हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले आणि निघून गेले. मण्यावाला पोरगा खिशातून मणी काढून वाळूत ठेवत होता. पोरीनं बैल दोन्ही हातांत घेतला, फिरवून पाहिला, मोडकं शिंग तेच आहे याची खात्री केली.

"बाई, साहेबानं कसा काय दिला?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. पाटलाचा नातू तिच्या खांद्यावरून वाकून बैलाच्या वशिंडावर बोट फिरवत होता.

"मागितला, दिला," मी म्हणाले.

"मंग चांगला हाय की साहेब," ती म्हणाली, आणि बैल पुसायला तिनं तो पाटलाच्या नातवाच्या हातात दिला.