ठशावरची काट

गल्लीत त्याला सगळे ओळंबा म्हणत. छापखान्यात हयात गेली, पण कागद कधी केसभर तिरका लागला नाही. तो कोपऱ्यावर दिसला की चहावाला ओरडे, "भिंतींनो, सरळ उभ्या राहा गं, ओळंबा आला!"

त्याची मुलगी लाकडात एकच शब्द कोरून त्याचं चित्र छापायची. तिनं पहिल्यांदा 'दार' दाखवलं तेव्हा त्यानं विचारलं, "दार म्हणजे दार. यात चित्र कुठं आलं?"

"बाबा, वाचू नका हो. बघा."

कागदभर दोन अक्षरं. शिरोरेषा दोन्ही कडांना भिडलेली. शाई इतकी पातळ की लाकडाच्या रेषा अक्षरांत उतरलेल्या. जन्मभर त्यानं शब्द छापले होते, बघितला हा पहिलाच. कामावरून सुटल्यावर तो तिच्याच हाताखाली लागला. ती कोरायची, तो शाई लावून हातयंत्रावर छापायचा. अंगठा उमटलेला कागद तो फाडून टाकी.

"इतकं कोण बघतंय?" ती चिडायची.

"मी बघतोय ना."

मग ती आजारी पडली. शेवटचा शब्द तिनं बिछान्यात उशांना टेकून, मांडीवर फळी घेऊन कोरला. 'ऊन'. न च्या दांड्यापाशी हात हलला होता. तो पटाशी घेऊन सरसावला, तर म्हणाली, "राहू द्या. तो माझाच हात आहे."

ठरलेल्या सगळ्या प्रती त्यानं छापल्या. तिनं त्यांवर पेन्सिलीनं सह्या केल्या. आणि आठवड्याच्या आत ती गेली.

या कामाची एक रीत असते. प्रती पूर्ण झाल्या की कोरलेल्या ठशावर पटाशीनं आडवी काट मारायची, म्हणजे पुन्हा कुणाला छापता येत नाही. काट मारलेल्या ठशाची एक छाप पुरावा म्हणून द्यायची. चित्रं विकणाऱ्या बाईंनी चाचरतच फोन केला. "काका, घाई नाही. पण ती छाप..."

"देतो," तो म्हणाला.

बायकोनं ऐकलं. फळी पदराखाली घेऊन बसली. "अहो, तुम्ही बाप आहात की कसाई? तिच्या हाताचं एवढंच उरलंय."

"तिनं आपल्या प्रत्येक ठशावर स्वतः काट मारली. हाच तेवढा सोडायचा?"

"सोडा! कोण विचारणार आहे?"

दोन दिवस घरात भांडी तेवढी बोलली. तिसऱ्या दिवशी बायकोनं फळी त्याच्या पुढ्यात आदळली आणि आत निघून गेली.

त्यानं पटाशीला धार लावली. काट मारली. शाई लावली, कागद ठेवला, यंत्राचं चाक फिरवलं. कागद उचलला.

'ऊन' जसंच्या तसं. काट दिसेना. वरवरचा ओरखडा होता, शाईनं भरून गेला होता.

तो स्टुलावर बसला. असलं काम दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्यानं त्याच्या सात पिढ्यांची उजळणी केली असती. पटाशी चांगली होती, लाकूड मऊ होतं. हातानंच अंग चोरलं होतं.

बायको दारात आली. कागदाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"उमटली नाही?"

"नाही. परत मारायला हवी. खोल."

त्यानं पटाशी टेकवली, पण फळी सरकायला लागली. कारण फळीत नाही, त्याच्या हातात आहे, हे तिला दिसत होतं. ती खाली बसली. दोन्ही तळवे फळीवर रोवले, एक ऊ च्या बाजूला, एक न च्या.

"मारा," ती म्हणाली. "मी धरलीय."

त्यानं मारली. ढलपी निघून तिच्या मनगटावर पडली. तिनं हात हलवला नाही. काट पार पलीकडे जाईपर्यंत तिनं फळी तशीच दाबून धरली होती, आणि रडत होता तो.